जागांचे फोटो टाकताय ना, मग त्यात बोलायला जागा ठेवा

तुमचे प्रश्न तीन आहेत असं मला कळलंय. एक, गेली दोन वर्षं तुम्ही जिथे जिथे फिरता तिथले फोटो नेमाने टाकताय, फोटो चांगले असतात, लाईक्स पण भरपूर येतात, पण खाली "मस्त", "अप्रतिम" आणि दोन-चार हृदयं यापलीकडे कोणी काही बोलतच नाही. दोन, लोकेशन द्यायचं की नाही यावरून तुम्हाला दोनदा बोलणी बसली, एकदा दिलं म्हणून आणि एकदा दिलं नाही म्हणून. आणि तीन, वडिलांनी काढलेल्या जुन्या प्रिंट्सचा एक डबा घरात पडून आहे, त्या टाकाव्यात का आणि कशा. मी २००५ पासून जागांचे फोटो ऑनलाइन टाकतेय, त्यावर झालेल्या गप्पा सांभाळून ठेवते, लोकांनी सांगितलेल्या माहितीवरून मथळे, म्हणजे फोटोसोबतचा मजकूर, दुरुस्त करत बसते, म्हणजे खरं सांगायचं तर फोटो काढण्यापेक्षा जास्त वेळ माझा या मागच्या कामातच जातो. तर त्या अनुभवावरून लिहिते, आणि तिन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत त्यामुळे जरा लांबेल.

तुम्ही पाठवलेले सात-आठ फोटो मी नीट बघितले. त्यांची अडचण अशी आहे की ते पूर्ण आहेत. पहाटेचा प्रकाश, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, कडेला काहीही नको असलेलं नाही. बघणाऱ्याने दाद द्यायची आणि पुढे जायचं, त्याच्यासाठी दुसरं काही कामच तुम्ही शिल्लक ठेवलेलं नाहीये. माणूस बोलतो कधी, तर त्याला माहीत असलेलं आणि तुम्हाला माहीत नसलेलं असं काहीतरी फोटोत दिसतं तेव्हा. मग त्याला राहवत नाही.

माझंच उदाहरण देते. एका जुन्या दगडी पुलाचे दोन फोटो मी एकाच सकाळी काढले होते. एक सूर्योदयाचा, तो खूप लोकांना आवडला, आज कोणाला आठवतही नसेल. दुसरा मी निव्वळ नोंद म्हणून टाकला होता, पुलाच्या एका खांबाचा, त्यावर अर्धवट पुसलेली अक्षरं होती आणि माणसाच्या डोक्याच्याही वर एक लोखंडी कडी होती. खाली एवढंच लिहिलं की ही कडी इतक्या उंचावर कशासाठी असेल. एकाने लिहिलं नावा बांधायला, पाणी तेव्हा तेवढं चढायचं. दुसरा म्हणाला छे, तिथे कंदील टांगायचे. दोघांचं चार दिवस चाललं, मग तिसऱ्याच एका बाईंनी घरातला एक फोटो शोधून टाकला ज्यात त्याच कडीला खरोखर दिवा लटकलेला आहे, आणि त्यांच्या फोटोत मागे एक इमारत दिसते जी आता नाही, तर त्या इमारतीवरून वेगळीच चर्चा सुरू झाली. अकरा वर्षं झाली, अजूनही वर्षातून एखादा माणूस येऊन तिथे काहीतरी भर घालून जातो.

फोटोच्या कोपऱ्यातली गोष्ट माणसाला धरून ठेवते हे फोटोग्राफीच्या पहिल्या दिवसांपासूनचं आहे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फ्रान्सचा दागेर, याने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांपल या रस्त्याचा फोटो वरच्या खिडकीतून काढला. प्लेटला प्रकाश मिळायला कित्येक मिनिटं लागायची त्यामुळे धावत्या गाड्या, चालणारी माणसं काहीच उमटलं नाही, गजबजलेला रस्ता रिकामा दिसतो. फक्त खाली एका कोपऱ्यात एक माणूस बूट पॉलिश करून घ्यायला थांबला होता, तेवढा तो आणि पॉलिश करणारा उमटला. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ झाला, त्या फोटोबद्दल बोलताना लोक रस्त्याबद्दल कमी आणि त्या थांबलेल्या माणसाबद्दल जास्त बोलतात.

आणि ओळख पटवणारी ताकद लोकांकडे किती असते त्याचा पुरावा हवा असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं काम बघा. त्यांनी जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातले तीनेक हजार जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या साइटवर ठेवले, आणि लोकांना सांगितलं की तुम्हाला काय माहीत आहे ते लिहा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सात हजारांवर कमेंट्स आल्या होत्या आणि लोकांनी दिलेल्या माहितीवरून पाचशेच्या वर फोटोंच्या अधिकृत नोंदी लायब्ररीने सुधारल्या. कोणी जागा ओळखली, कोणी माणूस ओळखला, कोणी तारीख पक्की केली. एवढी मोठी संस्था, तज्ज्ञ माणसं हाताशी, तरी त्यांना न सापडलेलं बाहेरच्या माणसांनी सांगितलं, कारण त्या गल्लीत राहिलेला माणूस त्या गल्लीबद्दल जे सांगू शकतो ते दुसरं कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, कडा कापू नका. विजेचा खांब, तारा, पाटी, घराचा नंबर, रस्त्यावरचे पट्टे, भिंतीवरचा डाग, हे तुम्ही क्रॉप करून काढून टाकता कारण फोटो स्वच्छ दिसतो, पण गप्पांचं बी तिथेच असतं. जिओगेसर नावाचा खेळ २०१३ मध्ये आला, त्यात अनोळखी रस्त्याचं दृश्य बघून तुम्ही जगात कुठे आहात ते ओळखायचं असतं, आणि त्यातले मुरलेले खेळाडू डोंगर-नद्यांकडे बघत बसत नाहीत, ते विजेच्या खांबांचा आकार, रस्त्याकडेचे ठोकळे, पट्ट्यांचा रंग बघतात. जागा खरी तिथे लिहिलेली असते. सुंदर फ्रेम हवी तर घ्या की, मी नको म्हणत नाही, पण त्याच ठिकाणी दोन पावलं मागे येऊन एक बेंगरूळ, सगळं दिसणारा फोटो पण घ्या आणि दोन्ही सोबत टाका.

आता मथळा. तुमचे मथळे "शांतता", "पहाटेची जादू" असे आहेत. त्यात तुमचा मूड कळतो, जागा कळत नाही, आणि तुमच्या मूडवर परक्या माणसाने काय बोलायचं? मी चार गोष्टी लिहितेच लिहिते: तारीख, साधारण वेळ, मी कुठे उभी होते आणि तोंड कुठल्या दिशेला होतं. शेवटच्या दोन गोष्टी जवळजवळ कोणीच लिहीत नाही आणि त्याच सगळ्यात उपयोगी पडतात. जिओग्राफ म्हणून ब्रिटन आणि आयर्लंडमधला एक प्रकल्प आहे, २००५ पासून चालू, त्यांनी सगळ्या भूभागाचे एक किलोमीटर बाय एक किलोमीटर असे चौकोन धरलेत आणि प्रत्येक चौकोनाचे फोटो लोक टाकतात. तिथे विषय कुठे आहे आणि कॅमेरा कुठे होता या दोन वेगळ्या नोंदी करता येतात, शिवाय बघण्याची दिशा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काय हा किचकटपणा, पण नंतर कळलं, दूरच्या टेकडीचा फोटो टेकडीच्या नावाने टाकला तर जिथून काढला त्या वस्तीतला माणूस कधी त्या फोटोपर्यंत पोहोचतच नाही, आणि ती टेकडी रोज त्या बाजूने बघणारा तोच असतो.

त्यानंतर एक प्रश्न. एकच, आणि छोटा. "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न नव्हे, त्याला उत्तर द्यायला विचार करावा लागतो आणि विचार करायला लागला की माणूस पुढे सरकतो. "मधली कमान बुजवलेली दिसतेय, कधी बुजवली कोणाला आठवतंय का?" हा प्रश्न. ज्याला माहीत आहे तो एका ओळीत उत्तर देतो, ज्याला नाही तो नुसता वाचतो, पण थांबतो. मात्र माहीत असून न माहीत असल्यासारखं विचारू नका, लोकांना ते लगेच कळतं आणि मग तुमच्या खऱ्या प्रश्नालाही कोणी उत्तर देत नाही. जेवढं माहीत आहे तेवढं आधी सांगून टाका, कुठून कळलं ते पण सांगा, आणि जिथे अडलंय तिथलं विचारा.

अजून एक करा, फोटोचं शब्दांत वर्णन भरायची सोय बहुतेक ठिकाणी असते ती रिकामी सोडू नका. ज्यांना दिसत नाही ते लोक स्क्रीन रीडरने ते ऐकतात, आणि जागेबद्दल बोलायला त्यांच्याकडेही आठवणी असतातच, मला एका रेल्वे पुलाखाली आवाज कसा घुमायचा हे अशाच एका माणसाने सांगितलं होतं.

खोटेपणाबद्दल जरा स्पष्ट बोलते. आभाळ बदलू नका, जागांच्या फोटोत तर मुळीच नाही. बालीमध्ये लेम्पुयांग देवळाचं दुभंगलेलं दार आहे, त्यातून ज्वालामुखी दिसतो आणि खाली आरशासारखं तळं, असे असंख्य फोटो लोकांनी बघितले आणि तिथे गेले, तर तळं नाहीच. फोनच्या कॅमेऱ्याखाली आरसा धरून ते प्रतिबिंब आणलेलं असतं, २०१९ मध्ये याचा सगळीकडे बोभाटा झाला. दार खरं आहे, डोंगर खरा आहे, देऊळ खरं आहे, पण गेलेल्या माणसांच्या बोलण्यात काय उरलं तर ते नसलेलं तळं. एकदा का "हे खरं आहे का" हा प्रश्न निघाला की मग दुसरी कुठलीच गोष्ट निघत नाही. उजेड थोडा वाढवला, तिरका फोटो सरळ केला, इथपर्यंत ठीक, पण भिंतीचा रंग इतका गडद करू नका की त्या भिंतीसमोर रोज बसणाऱ्याला ती ओळखू येणार नाही. एआयने काही भरलं, काही पुसलं असेल तर तसं सरळ लिहा, आणि माझं विचाराल तर करूच नका. पुसलेली वायरच कदाचित पुढे कोणी शोधत येईल.

बरं, लोक बोलायला लागले, मग पुढे काय. इथे बरेच जण चुकतात, "धन्यवाद" लिहून विषय संपवतात. धन्यवाद म्हणजे दार लावून घेणं झालं हो. समजा घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो आहे आणि कोणी लिहिलं की माझी शाळा याच्या मागेच होती, तर विचारा की शाळेतून हा मनोरा दिसायचा का, कुठल्या खिडकीतून, तेव्हा घड्याळ चालू होतं का. आठवण एकदम पूर्ण येत नाही, टोक धरून हळूहळू ओढावी लागते, आणि तपशील विचारला की माणसाला जाणवतं की समोरच्याला खरंच ऐकायचंय.

चूक दाखवणारा माणूस तर सोन्यासारखा. तुम्ही जागा चुकीची लिहिलीत, तारीख चुकीची लिहिलीत, तो येऊन जरा फटकळपणे सांगेल, पण त्याने वेळ काढलाय. मथळा दुरुस्त करा, पण आधी काय लिहिलं होतं आणि कोणाच्या सांगण्यावरून बदललं ते खाली राहू द्या, नाहीतर खालचं अर्धं बोलणं निराधार होतं. आणि दोन माणसं दोन वेगळं सांगत असली तर लगेच न्याय करायला जाऊ नका. दोन्ही लिहून ठेवा. मग तपासा, तपासायला बऱ्याच गोष्टी असतात, सावली कुठल्या बाजूला पडलीय त्यावरून सकाळ की संध्याकाळ आणि दिशा कळते, गाड्यांच्या मॉडेलवरून फोटो कुठल्या सालाच्या आधीचा असूच शकत नाही ते कळतं, झाड किती वाढलंय ते दोन फोटो शेजारी ठेवून बघता येतं, आणि गूगल स्ट्रीट व्ह्यूमध्ये बऱ्याच रस्त्यांची मागच्या वर्षांची दृश्यं पण बघायला मिळतात. गाडीवरून फक्त "या सालानंतरचा" एवढंच म्हणता येतं हं, जुनी गाडी माणूस वीस वर्षं पण वापरतो, इथे मी स्वतः लोकांना चुकताना पुष्कळ बघितलंय.

एक अवघड प्रकार असतो तो म्हणजे तिथे राहणाऱ्याला तुमचा फोटो लागतो. पडकी इमारत, गंजलेली फाटकं, वाढलेलं गवत, तुम्हाला त्यात काव्य दिसतं, त्याला स्वतःचं गाव मेलेलं दाखवल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन १९८८ मध्ये बंद पडलं आणि नंतर वर्षानुवर्षं त्याच्या भग्न दालनांचे फोटो जगभर फिरले, शहर म्हणजे जणू तेवढंच. तिथल्या लोकांचं म्हणणं असायचं की अहो आम्ही इथे राहतोय, कामाला जातोय, ते कोणी का दाखवत नाही. फोर्डने २०१८ मध्ये ती इमारत घेतली आणि जून २०२४ मध्ये ती दुरुस्त होऊन परत उघडली. मला या गोष्टीवरून एवढं कळलं की पडकी जागा टाकताना तिच्या शेजारी काय चालू आहे ते पण टाकायचं, आणि कोणी रागावून लिहिलं तर बचाव करत बसायचं नाही, "मग मी काय दाखवायला हवं होतं?" असं मनापासून विचारायचं. मला मिळालेल्या सगळ्यात चांगल्या माहितीतली निम्मी अशा रागावलेल्या माणसांनी दिलीय. आणि कोणी म्हणालं की यात माझं घर किंवा माझं मूल दिसतंय, काढा, तर काढायचा फोटो, वाद घालायचा नाही.

"पूर्वी किती छान होतं" विरुद्ध "आता सोयी किती झाल्यात" हे भांडण दर दहाव्या जुन्या फोटोखाली होतं. त्यात पडू नका. तपशील विचारा, पूर्वी म्हणजे कधी, कुठल्या बाजूला, काय होतं नेमकं. तपशिलात गेलं की भांडणाची हवा आपोआप जाते.

आता एक कळकळीने सांगते. हे बोलणं तुमच्याकडे उतरवून ठेवा. मी सुरुवातीला ज्या साइटवर फोटो टाकायचे ती बंद झाली. फोटो माझ्याकडे होते, ते कुठे जात नाहीत, पण त्याखालचं आठ वर्षांचं बोलणं गेलं, आणि त्यातली दोन माणसं तर आता हयातही नाहीत, त्यांना परत विचारता येणार नाही. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोच्या नंबरची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवते, कोणी काय सांगितलं, कोणत्या दिवशी सांगितलं, शिवाय मुख्य माहिती फोटोच्या फाइलमध्येच मथळ्याच्या रकान्यात भरून ठेवते म्हणजे फाइल कुठेही गेली तरी ती सोबत जाते. कोणाची खासगी आठवण दुसरीकडे वापरायची असेल तर त्यांना विचारून. आणि जी माहिती सगळ्यांच्या कामाची आहे, म्हणजे जागा, दिशा, साल, ती आणि तो फोटो विकिमीडिया कॉमन्स या सगळ्यांसाठी खुल्या संग्रहात पण टाकते, तिथे तो मोकळ्या परवान्याखाली राहतो आणि दुसऱ्यांनाही त्यात वर्गवारी, दुरुस्ती करता येते.

हे सगळं कशाला, असं वाटेल. तर जागा जातात म्हणून. माल्टाच्या गोझो बेटावर समुद्रात दगडाची एक प्रचंड कमान होती, अझूर विंडो, ८ मार्च २०१७ च्या वादळात ती एका सकाळी पडली. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळच्या खळगीतलं ते एकटं झाड, सिकॅमोर गॅप म्हणतात ते, सप्टेंबर २०२३ मध्ये कोणीतरी रात्रीतून तोडलं, आणि दुसऱ्या दिवशी लोक आपापले जुने फोटो बाहेर काढून बसले, कोणी तिथे लग्नाची मागणी घातली होती, कोणी आईवडिलांची राख तिथे सोडली होती. आणि तुम्ही काढलेला साधा फोटो पण वाया जात नाही, २०१५ मध्ये संशोधकांनी लोकांनी टाकलेले ८ कोटी ६० लाख फोटो तारखेप्रमाणे लावून दहा हजारांवर टाइमलॅप्स (काळ भराभर सरकवून दाखवणारे व्हिडिओ) बनवले, त्यात हिमनद्या मागे सरकताना आणि इमारती उभ्या राहताना दिसतात. ते कोणी अभ्यासासाठी मुद्दाम काढलेले नव्हते, सहलीचे फोटो होते. फक्त तारीख बरोबर असायला हवी, म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ नीट लावत जा, हा सल्ला क्षुल्लक वाटतो पण चुकलेलं घड्याळ मी कितीतरी संग्रहांत बघितलंय.

लोकेशनचं. ज्याने दिलं म्हणून सुनावलं तो आणि ज्याने दिलं नाही म्हणून सुनावलं तो, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण जागा वेगवेगळ्या आहेत. मी स्वतःला एकच विचारते, उद्या इथे हजार माणसं आली तर काय होईल? शहरातली इमारत, पूल, स्टेशन, काही होणार नाही, तिथे अगदी नेमकं लोकेशन द्या, न देणं म्हणजे फोटो मुका करणं. घरटं, दुर्मिळ झाड, ओली माती असलेली पायवाट, राखण नसलेलं भग्न बांधकाम, तिथे फक्त प्रदेश सांगा. हायपेरियन म्हणून कॅलिफोर्नियात रेडवुडचं एक झाड आहे, जगातलं सर्वात उंच माहीत असलेलं झाड, ११५ मीटरच्या वर. तिथे जायला वाट नाही, जागा गुप्त ठेवली होती, पण ती ऑनलाइन फुटली आणि लोक झाडी तुडवत जायला लागले, बुंध्याभोवतीची जमीन दबली, शेवटी २०२२ मध्ये नॅशनल पार्कने तो भाग बंद करून दंड आणि तुरुंग दोन्ही जाहीर केले. नॉर्वेतल्या त्रोलटुंगा कड्यावर २०१० मध्ये वर्षाला सुमारे ८०० माणसं जायची, २०१६ मध्ये सुमारे ८०,००० झाली. आणि त्रास फक्त रानातच होतो असंही नाही, जपानमधल्या फुजीकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजी पर्वत दिसणारा एक ठरलेला कोपरा इतका गाजला की गर्दी रस्त्यावर आणि लोकांच्या दारात यायला लागली, म्हणून गावाने मे २०२४ मध्ये अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळा पडदाच लावला, ऑगस्टमध्ये काढला. म्हणजे वर मी म्हटलं की शहरात काही होणार नाही, त्याला हा अपवाद धरा. जिथून फोटो काढलाय ती जागा कोणाच्या दारातली असेल तर ती सांगू नका.

अंदाजे लोकेशन द्यायची सोपी युक्ती म्हणजे आकडे कमी करणं. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर पाच आकडे दिले तर साधारण एक मीटरपर्यंत जागा कळते, दोनच दिले तर एक किलोमीटरच्या आसपास, एक दिला तर दहा-अकरा किलोमीटर. निसर्गाच्या नोंदी ठेवणारं आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपणहून धूसर करतं. आणि लोकेशन देत नाही असं ठरवलं तर कारण सांगून टाका, "इथे घरटी आहेत म्हणून नेमकी जागा लिहीत नाही" म्हटलं की बहुतेक लोक समजून घेतात, आणि त्यातला एखादा जाणकार मग घरट्यांबद्दलच बोलायला लागतो.

मात्र तुम्ही लिहिलं नाही तरी फाइल बोलते हे विसरू नका. फोनमधल्या फोटोत एक्झिफ माहिती असते, म्हणजे फोटो कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला याची फाइलमध्येच दडलेली नोंद, जीपीएस चालू असेल तर त्यात जागा पण. जॉन मॅकाफी, तो अँटिव्हायरसवाला, २०१२ मध्ये पोलिसांपासून लपून फिरत होता आणि एका मासिकाने त्याच्यासोबतचा फोटो तसाच ऑनलाइन टाकला, त्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश होते, तो ग्वाटेमालात आहे हे सगळ्यांना कळलं. मोठ्या सोशल साइट्स बहुतेक वेळा ही माहिती लोकांसमोर येऊ देत नाहीत, पण ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवली तर ती तशीच जाते. घराजवळचे फोटो टाकताना आधी जीपीएस काढून टाका, आणि फिरायला गेलात तर तिथून निघाल्यावर टाका, तिथे असताना नको.

हक्कांचं थोडक्यात, कारण प्रश्न त्याचा नाहीये. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढून टाकायला बऱ्याच देशांत मुभा आहे, पण सगळीकडे सारखी नाही. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो कोणीही वापरावा, पण रात्रीची रोषणाई हे वेगळं कलाकाम धरतात आणि तिच्या फोटोच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते. स्वतःच्या फोटोवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे तो कोणत्या अटींवर वापरता येईल ते सांगणारा ठरीव परवाना, स्पष्ट लिहिला तर लोक न घाबरता वापरतात आणि तुमचं नाव पण लावतात.

आता डबा. टाका, नक्की टाका, पण घाई करू नका. स्कॅन करा, फोनने फोटोचा फोटो नको, निदान ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके), म्हणजे पाटीवरची अक्षरं मोठी करून वाचता येतील. प्रिंटची मागची बाजू पण स्कॅन करा, शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, स्टुडिओचं नाव, सगळं. पांढरी कड कापू नका. रंग भरू नका, ओरखडे मिटवलेली प्रत हवी तर वेगळी करा पण मूळ स्कॅन हात न लावता जपा, टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात. वडिलांनीच काढलेत म्हणजे हक्काचा प्रश्न घरातच सुटतो, भावंडं असतील तर त्यांना मात्र विचारा. आणि ज्या फोटोंत कोणी अडचणीत किंवा दुःखात दिसतंय ते बाजूला ठेवा.

मग त्यातले दोन-तीन निवडा जिथे तुम्हाला जाता येईल आणि तिथेच उभं राहून आजचा फोटो काढा. ही जोडी टाकली की जेवढं बोलणं होतं तेवढं कशानेच होत नाही. पण उभं नेमकं राहायला हवं. लेन्स बदलून किंवा झूम करून ते जमत नाही, झूमने फक्त किती भाग दिसतो ते बदलतं, जवळची आणि लांबची वस्तू एकमेकींपुढे कशा येतात ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावरच ठरतं. जुन्या फोटोत जवळचा एखादा कोपरा आणि लांबची एखादी खिडकी शोधा, कोपऱ्याने खिडकीचा किती भाग झाकलाय ते बघा, आणि तेवढाच झाकला जाईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग दुसरी अशीच जोडी घ्या आणि पुढे-मागे सरका. दोन्ही जुळलं की उंची, वडील तुमच्यापेक्षा उंच होते का, की पायरीवर चढले होते. त्या जागी पाय आले की कळतंच, मला तर अंगावर काटा येतो. शक्य असेल तर ऋतू आणि वेळ पण तीच धरा, सावल्या जुळल्या की बदललेलं काय ते चटकन दिसतं.

पण डब्यातली पहिली प्रिंट मात्र अशी टाका जी तुम्हाला अजिबात ओळखू येत नाही. जागा माहीत नाही, साल माहीत नाही, फक्त वडील तिथे कधीतरी उभे होते एवढंच माहीत आहे. पुढची बाजू, मागची बाजू, त्या काळात ते कुठे कुठे कामाला होते ते दोन ओळींत, आणि खाली लिहा, "ही जागा कुठली?" उत्तर दोन तासांत येईल किंवा दोन वर्षांत, माझं एक सहा वर्षांनी आलं होतं. तोपर्यंत ती पोस्ट काढू नका आणि नोटिफिकेशन चालू ठेवा.